न सरकलेला मणका

पाठीच्या दुखण्यावर सल्ला द्यायला आपल्याकडे कुठलीही पदवी लागत नाही. माझी पाठ धरली आहे हे चाळीत कळलं आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. कुणी शेक सांगितला, कुणी बिब्बा, कुणी उशी काढून फळीवर झोपायला सांगितलं. मी बहुतेक सल्ले मनापासून पाळले, आणि म्हणूनच हे लिहायची वेळ आली. तुमची किंवा घरातल्या कुणाची पाठ बरेच दिवस दुखत असेल, जोडीला संध्याकाळी बारीक तापाची कसर येत असेल आणि कपडे ढगळ होऊ लागले असतील, तर हे वाचून संपवत बसू नका. आधी हॉस्पिटलात जाऊन पाठीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढा. माझी हकिकत काय, नंतरही वाचता येईल.

औषधांची नावं आणि रोगाची कुळकथा इथे मिळणार नाही, ती माझ्यापेक्षा चांगली सांगणारे पुष्कळ आहेत. मी जे सोसलं, त्याहून जास्त माझ्या बायकोने सोसलं, आणि तेही विनाकारण, हे मला सांगायचं आहे. नावं सगळी बदलली आहेत.

*

मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. राहायला डिलाईल रोडच्या एका चाळीत. वडील गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, ते लवकर गेले. आईने मग गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी खानावळ काढली आणि तिच्यावर मला शिकवलं. आमच्या एका खोलीत सकाळ-संध्याकाळ पंगती उठायच्या. मालवणी बोलण्याचा आणि तळलेल्या बांगड्याचा तो गलका मला लहानपणापासून सवयीचा होता.

लग्न होऊन इंदू घरात आली आणि आठवड्याभरात ती आईपेक्षा प्रसिद्ध झाली. कारण ती पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण, चमक, लचक सगळी पळते, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. रविवारी सकाळी आमच्या दारात माणसं पालथी पडलेली असायची. गिरणीतला मुकादम जॉबर असो, हमाल असो, समोरच्या खोलीतली काकू असो, इंदू पदर खोचून डावा पाय तीनदा हलकेच पाठीला लावायची आणि हसायची. माणसं कण्हत यायची आणि सुपारी कातरत जायची. खरंच बरं वाटायचं की नुसतं वाटायचं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही. नव्या घरात नव्या सुनेला एवढा मान सहसा मिळत नाही. इंदूला तो आवडायचा, हे मला तिच्या चालण्यावरून कळायचं.

माझी पाठ धरली ती वाकून प्रुफं वाचल्याने, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेल झालं, शेक झाला, लेप झाला. शेवटी एका दुपारी पंगत उठल्यावर आईने विषय काढलाच.

"इंदू, अख्ख्या चाळीची पाठ सरळ करतंस. घोवाची वाकडी झालेली तुका दिसणा नाय?"

"आई, ह्यांना पाय कसा लावू मी? पाप लागेल."

"पाप लागला तर माका लागांदे. मी सांगतंय म्हणान लाव."

इंदूने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो आणि पालथा पडलो. मलाही त्या पायावर चाळीइतकाच विश्वास होता. तिने दार लोटून घेतलं. आधी माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला, मग पाठीला पाय लावला, तोही इतका हलका की मला दुसऱ्यांदा 'लाव की' म्हणावं लागलं. मग पुन्हा नमस्कार. आई दाराबाहेर उभी राहून विचारत होती, "लावलंस मां?" दोन दिवस मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळ आली ती खुर्चीतून उठवेना.

*

आमच्या छापखान्यात त्या सुमारास दोन पुस्तिका छापायला आल्या होत्या. 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो प्रुफात. हातांनी पाठीचे मणके दाबून रोग बरे करण्याची ही विद्या. पहिली पुस्तिका डॉक्टर कारखानीसांची. ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत जाऊन ती विद्या शिकून आले होते आणि गिरगावात त्यांचं खूप जुनं बस्तान होतं. त्यांचं म्हणणं असं, की पाठीचा मणका जागेवरून किंचित सरकतो, शेजारची नस दबते, मेंदूकडून येणारा जीवनाचा प्रवाह अडतो, आणि दम्यापासून अपचनापर्यंत सगळं त्यातून होतं. ह्याला त्यांच्या विद्येत 'सबलक्सेशन' म्हणतात. कारखानीस मराठीत 'सरकलेला मणका' म्हणायचे. मणका जागेवर बसवला की शरीर आपलं आपण बरं होतं.

दुसरी पुस्तिका डॉक्टर नेरूरकरांची. हे दादरला बसायचे. ते कारखानीसांचे विद्यार्थी, त्यांच्या घरी जेवलेले, त्यांच्याच शिफारशीने परदेशात शिकून आलेले. त्यांनी लिहिलं होतं, की मी शेकडो पाठींचे फोटो पाहिले, सरकलेला मणका म्हणून जो सांगतात तो मला एकातही दिसला नाही. आम्ही दोघांनी एकच पाठ तपासली तर दोघांची बोटं दोन वेगळ्या मणक्यांवर पडतात. आमच्या हाताने आखडलेले सांधे मोकळे होतात, माणसाला आराम पडतो, ही गोष्ट खरी आहे. मग तेवढंच म्हणू या आणि तो शब्द सोडून देऊ या.

कारखानीसांनी ह्याला उत्तर लिहिलं, नेरूरकरांनी उत्तराला उत्तर लिहिलं. सगळ्याची प्रुफं माझ्याच टेबलावर. छापखान्याचे मालक भाऊ दोघांनाही चहा पाजून सांगायचे, "खरं म्हणाल तर मला तुमचंच पटतं." मला दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ झाली होती, आणि भांडण वाचायला मजा यायची. हा वाद आपल्या घरात येऊन बसणार आहे, हे काय माहीत.

ओळखीतले म्हणून मी कारखानीसांकडे जाऊ लागलो. माणूस मोठा प्रेमळ. ऊठबस करताना स्वतः हात द्यायचे. टेबलावर पालथं निजवून दोन्ही तळव्यांनी वजन टाकायचे, पाठीत 'कट्' असा आवाज यायचा आणि ते खूश होऊन म्हणायचे, "ऐकलंत? बसला जागेवर." पुढच्या आठवड्यात तो पुन्हा सरकलेला असायचा. कसं सुरू झालं, काय काय केलंत, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी इंदूच्या पायाचंही सांगितलं. वैद्यापासून काय लपवायचं?

*

त्या दिवसांत मुंबईत दर संध्याकाळी कुठे ना कुठे सभा असायची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. गिरणगावातली माणसं पाळी सुटली की डबा हातात घेऊन तशीच सभेला जायची. टाळ्या वाजवायची आणि हुर्यो उडवायची सगळ्यांनाच सवय झाली होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं की ह्या दोन डॉक्टरांचाही एकदा जाहीर सामना व्हावा. गिरगावातला एक हॉल ठरला. तालमीतले पैलवान, वैद्य, पेन्शनर आणि गंमत बघायला आलेले दोनचार एम.बी.बी.एस., अशी गर्दी जमली. दोघांच्याही ओळखीचा रोगी म्हणून व्यासपीठावर बसवलं मला. इंदू बायकांच्या बाजूला बसली होती. माझ्या नवऱ्याला आज काय झालंय ते कळेल, एवढ्यासाठी ती आली होती.

मी सदरा काढून लोकांकडे पाठ करून स्टुलावर बसलो. नेरूरकरांनी सुचवलं, की दोघांनी वेगवेगळं यावं आणि सरकलेल्या मणक्यावर निळ्या पेन्सिलीने खूण करावी. त्यांनी स्वतः गुरूंच्या पद्धतीनेच तपासून खूण केली. ती मोजून पुसल्यावर मग कारखानीसांनी केली. दोन खुणांच्या जागांमध्ये वीतभर अंतर होतं म्हणे. मला काय दिसणार? मला फक्त हशा ऐकू आला.

हशाने कारखानीस चिडले. एरवी ते असं काही बोलले नसते, असं मी अजून धरून चालतो.

"अहो, मणका सरकत नाही म्हणता?" ते गरजले. "ह्या गृहस्थांना साधी चमक होती. ह्यांच्या पत्नी पायाळू. त्यांनी पाठीला लाथ लावली, आणि तिसऱ्या दिवसापासून ह्यांना उठवेना. एका लाथेने मणका सरकला! ह्याहून आणखी काय पुरावा हवा?"

हॉल हशाने दणाणला. मागून कुणीतरी ओरडलं, "बायकोच्या लाथेचा विजय असो!" टाळ्या, शिट्ट्या. मी वळायला गेलो, पाठ वळू देईना. इंदूचा चेहरा मला त्या वेळी दिसला नाही. तेव्हापासून मी तो मनात बघतोय.

नेरूरकर म्हणाले, "त्या बाईंचा काही दोष नाही. पाय लागल्याने मणका सरकत नाही, कारण मणका सरकतच नाही." पण त्यांचा आवाज बारीक, वय कमी, आणि समोर गुरू. लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही. पुस्तिकांमधला तो वाद तोवर मला पोकळ वाटायचा. त्या संध्याकाळी कळलं की मणका सरकतो म्हटलं तर माझी बायको गुन्हेगार ठरते, आणि सरकत नाही म्हटलं तर सुटते.

व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना माझा डावा पाय दुमडला. पाऊल टाकायचं ठरवलं होतं, पायाने ऐकलं नाही. लोकांना वाटलं, शरमेने धडपडला. नेरूरकरांनी मात्र ते बघितलं. हॉलच्या मागच्या बाकावर मला निजवून त्यांनी गुडघ्यावर टिचक्या मारल्या, तापाचं विचारलं, घामाचं विचारलं, पाठीच्या मधोमध बोट नेऊन एका जागी थांबवलं.

"हे माझ्या विद्येतलं नाही," ते म्हणाले. "त्यांच्याही नाही. उद्या सकाळी हॉस्पिटलात जा. आणि तोवर पाठीला कुणालाही हात लावू देऊ नका. मलासुद्धा."

ट्राममध्ये इंदू खिडकीकडे तोंड करून बसली होती. भायखळा ओलांडल्यावर तिने विचारलं, "मी तुमच्या पाठीत काय केलं हो?"

*

परळच्या हॉस्पिटलातले सर्जन उंच, घाईतले, तुटक बोलणारे. त्यांनी माझ्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला दाखवला. मणके एकावर एक नीट रचलेले होते, आणि मध्येच एक निम्मा विरघळल्यासारखा, पुढच्या बाजूला खचलेला.

"मणक्याचा क्षय आहे," ते म्हणाले. "कित्येक महिन्यांचा आहे. पाठ दुखायला लागली त्याच्याही आधीचा."

आमच्या चाळीत क्षय म्हणजे कोपऱ्यातली खोली, वेगळी भांडी, आणि एक दिवस पालिकेची माणसं येऊन भिंतींना चुना लावून जातात. माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. इंदूच्या डोक्यात दुसरंच होतं. ती सर्जनांना म्हणाली, "डॉक्टर, ह्यांच्या पाठीला माझा पाय लागला होता. त्याने हा मणका खचला का?"

सर्जनांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. माणूस सच्चा होता. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"हाड आतून पोखरलेलं होतं, बाई. असं हाड कशानेही खचतं. जोरात शिंकलं तरी."

माझा जीव भांड्यात पडला. शिंकेनेही खचलं असतं म्हणजे पायाचा काही संबंध नाही, असं मी समजलो. इंदूने त्यातला 'कशानेही' तेवढा उचलला. कारखानीसांनी किती आठवडे दोन्ही तळव्यांनी वजन टाकलं होतं, नेरूरकरांनीही चाचपलं, दाबलं होतं, त्याआधी चाळीतल्या पैलवानाने रगडलं होतं. ह्या कुणाची झोप उडाली नाही. सगळा दोष त्या एका हलक्या पावलाने घेतला.

*

मला प्लास्टरच्या साच्यात निजवलं. मानेपासून मांड्यांपर्यंत अर्धी नळी आणि मी तिच्यात. महिनोन् महिने छत बघायचं. रोज सुई टोचली जायची, मूठभर कडू गोळ्या गिळायच्या, कानात सतत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय असं वाटायचं. सकाळी स्पंज, मग भांडं, मग वॉर्डबॉयची शिवी, मग चहा. लाज पहिल्या आठवड्यात सुटते, हे ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांना मुद्दाम सांगतो. खाज मात्र कधीच सुटत नाही. प्लास्टरच्या आत खाज आली की वेड लागायची पाळी येते. इंदूने लोकर विणायच्या सुईला मऊ फडकं गुंडाळून आणलं होतं. ते ती हळूच आत सरकवायची आणि मी डोळे मिटून घ्यायचो. तेवढं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

दुसरी चैन म्हणजे हातातला आरसा. निजल्या निजल्या तो वर धरला की खिडकी दिसायची, खिडकीतून रस्ता. मोर्चे जायचे ते मी आरशात बघितले. फलक उलटे दिसायचे, पण छापखान्यात उलट्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसलेल्या माणसाला उलटं वाचण्याची काय अडचण? 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी घोषणा खाली झाली की आमचा अख्खा वॉर्ड निजल्या जागी 'झालाच पाहिजे' म्हणायचा, आणि सिस्टर धावत यायच्या. मग गोळीबार झाला, संचारबंदी आली. जखमी पोरांसाठी आमच्या खाटा व्हरांड्यात काढल्या. त्या दिवसांत इंदू येऊ शकली नाही. मी देवाला मानत नाही, तरी तिच्यासाठी हात जोडले.

त्या वर्षाच्या शेवटी शेजारच्या खाटेवर नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले पगारे आले, गिरणीत बॉयलरवर काम करणारे. त्यांच्या कमरेचं हाड गेलं होतं. नुकताच त्यांनी बौद्ध धम्म घेतला होता आणि पहाटे ते तोंडातल्या तोंडात वंदना म्हणायचे. इंदू माझ्या खाटेपासून पाय आखडून बसते, हे त्यांच्या लक्षात आलं. एकदा त्यांनी कारण विचारलं. इंदूने सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

पगारे म्हणाले, "वहिनी, असं पाय लागून रोग होत असते, तर आमच्या सावलीनं गावंच्या गावं मेली असती की."

इंदू हसली. खूप महिन्यांनी हसली. मला वाटलं, सुटली बिचारी.

*

घरची अवस्था मला कळू देत नव्हते. पण इंदूच्या बोटांना कापसाची तुसं लागलेली दिसली आणि मी खोदून विचारलं. क्षयाचं नाव ऐकल्यावर खानावळीची माणसं एकेक करून गेली होती. कुणी गावी जातो म्हणाला, कुणी पाळी बदलली म्हणाला. आईने कुणाला दोष दिला नाही. इंदू मात्र गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागली. शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज तिने भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, बरा होऊन आलो की पाठव. ती म्हणाली, "बघू." तिच्या तोंडी 'बघू' म्हणजे नाही.

एका भेटीच्या वेळी कारखानीस आले. जुना कोट, हातात मोसंब्यांची पिशवी. सिस्टरकडून त्यांनी माझा फोटो मागून घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"मला हे कळायला हवं होतं," ते म्हणाले.

मला त्यांचा राग येईना. मी म्हटलं, "डॉक्टर, झालं ते झालं. माझं एकच काम करा. इंदू आता येईल. तिला एवढंच सांगा, की तुझ्या पायाने मणका सरकला नव्हता. तुम्ही भर सभेत म्हणालात, तर तुम्हीच परत घ्या. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही."

ते खाटेच्या कडेला बसले. "मधुकरराव, क्षय होता हे मला दिसतंय. पण मणका सरकला नव्हता असं कसं म्हणू? खचला तेव्हा थोडा सरकलाच ना?"

"तुमच्या अर्थाने नाही."

"माझ्या अर्थाने नाही," त्यांनी मान्य केलं. मग हातांकडे बघत म्हणाले, "हा शब्द मी सोडला, तर इतकी वर्षं ह्या हातांनी मी केलं काय? आज तुमच्यासाठी सोडायचा आणि उद्या दवाखान्यात कुठल्या तोंडाने बसायचं?"

तेवढ्यात इंदू आली. कारखानीस उठून उभे राहिले, तिला हात जोडले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता म्हणतील, असं मला खरंच वाटलं. ते म्हणाले, "जपा त्यांना, बाई. आता पाठीला कुणाचा हातपाय लागू देऊ नका."

ते मायेनेच म्हणाले होते. इंदूने मान खाली घालून "नाही लागू देणार" म्हटलं. पगाऱ्यांनी महिनाभरापूर्वी तिच्या मनावरचं जे ओझं काढलं होतं, ते कारखानीसांनी एका वाक्यात परत ठेवलं. ते गेल्यावर मी आरसा तोंडावर धरला, कारण मला रडू आवरेना आणि प्लास्टरमध्ये कूस बदलता येत नाही.

*

मी बरा झालो. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण पाय पहिल्यांदा जमिनीला लागला त्या दिवशी तळव्यांना लादीचा गारवा इतका लागला की मी पुन्हा पुन्हा पाऊल उचलून टेकवलं. कमरेला कातडी पट्टा, हातात काठी आणि दोन्ही बाजूंना माणसं. घरी आलो तेव्हा चाळ जिन्यात उभी होती. खानावळीची दोन माणसं परत आली होती आणि माझ्याकडे न बघता भात कालवत होती. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा लालबागला रोषणाई बघायला मी आणि इंदू चालत गेलो. तिला काठीच्या बाजूने नव्हे, दुसऱ्या बाजूने चाल म्हटलं, तर ती हातभर लांबून चालत राहिली.

नेरूरकर मुद्दाम आमच्याकडे येऊन गेले. चटईवर बसून त्यांनी इंदूला कागदावर मणके काढून दाखवले. पाय लागून असं होत नाही, हे समजावून सांगितलं, अगदी तिला कळेल अशा शब्दांत. इंदूने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "माणूस चांगला आहे हो, म्हणून तसं म्हणतात." मी हात टेकले. तिला कारखानीसांचं खरं वाटलं, कारण त्यांनी तिला दोषी ठरवलं होतं. आपली चूक सांगणारा माणूस खरा बोलतो, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पुन्हा कुणी उसण भरून दारात आलं की इंदू मोरीत जाऊन भांडी घासायला बसायची. माणसं वाट बघून निघून जायची. हळूहळू यायची थांबली. आमच्या एवढ्याशा खोलीत ती पाय पोटाशी घेऊन झोपते. चुकून अंधारात तिच्या पावलाचा मला धक्का लागला, तर उठून बसते आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून विचारते, "दुखलं नाही ना?" मी शंभरदा सांगितलं. समजावून सांगितलं, रागावून सांगितलं, हसण्यावारी नेलं. दोन विद्वान एका शब्दावर भांडले. पुस्तिका रद्दीत गेल्या. कारखानीस आता दवाखान्यात बसत नाहीत. नेरूरकरांकडे गर्दी असते, म्हणे. तो शब्द मात्र आमच्या घरी राहायला आला आहे आणि त्याला बाहेर कसं काढायचं, हे मला कुठल्याच डॉक्टरने सांगितलेलं नाही.

म्हणून माझ्यासारख्या रोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं एवढंच. आजार अंगात असतो तेव्हा तो कुणामुळे आला हे शोधू नका. सापडेलच कुणीतरी, आणि तो बहुतेक तुमच्या सगळ्यात जवळचा असेल.

*

ह्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. दादरच्या सूतिकागृहात. मी बाहेर बाकावर पट्टा सैल करून बसलो होतो. इंदू दिवसभर अडली होती. संध्याकाळी नर्स हसत बाहेर आली.

"मुलगी आहे. पायाकडून आली लबाड, सगळ्यांची धावपळ केली. पण दोघीही छान आहेत. या, बघून जा."

आत गेलो. इंदू घामाने भिजली होती, केस कपाळाला चिकटलेले. मुलगी तिच्या कुशीत. मी बाळाकडे बघायला वाकलो, तर इंदूने माझं मनगट धरलं. बाळंतिणीच्या हातात एवढा जोर असतो, हे मला माहीत नव्हतं.

"अहो, कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "तिला तरी नको."

मला पुष्कळ बोलायचं होतं. फोटो, सर्जन, नेरूरकरांचा कागद, पगारे, सगळं ओठांवर आलं. माझं मनगट सोडून तिने नर्सलाही हात जोडले. मी 'बरं' म्हटलं.

बाहेर आई पोहोचली होती. गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत माझ्याकडे आली. डोळे चमकत होते.

"चेडू झाला मां रे? नर्सबाय म्हणाली. कसा झाला? आवशीसारखा पायाळू काय?"

"नाही आई," मी म्हटलं. "डोक्याकडून आली. सगळ्यांसारखी."